विहिरीवरचं संत्रं अंगणात : कामाच्या नोंदी

२६ डिसेंबर २०२१ (काटोलजवळचं शेत)

विहिरीच्या काठावरचं जुनं संत्र्याचं झाड पुढच्या वर्षी निघणार, हे आता पक्कं झालं. वाटणीनंतर तो तुकडा विकला गेला आणि घेणाऱ्याला तिथे गोदाम बांधायचं आहे. एवढ्या वयाचं संत्रं मुळांसकट उचलून दुसरीकडे लागत नाही. म्हणून झाडाचा वाण नागपूरला घराच्या अंगणात आणायचा, हे काम आजपासून हाती घेतलं.

सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हे झाड फळाला आलेलं होतं. म्हणजे पन्नाशी नक्की उलटली. या भागातल्या कलमी बागा पंचवीस-तीस वर्षांत थकतात. मग हे एकटं कसं टिकलं? आज खोडाजवळ बसून नीट पाहिलं. कलमाचा सांधा जिथे असतो तिथे गाठ दिसते, साल वेगळी दिसते. इथे तसं काही नाही, खोड मातीपासून वर एकसारखं आहे. घरी येऊन सासूबाईंना विचारलं, "आई, हे कलम नव्हतं का?"

"नाई वो बाई. मामंजींनी फळ खाल्लं अन् बी विहिरीच्या ओलीवर टोचली. बाकीची कलमं वरूडकडून आणली होती, ती सारी गेली. ह्या झाडाले कोणी विकत नाई आणलं."

म्हणजे झाड बीजू आहे. बीवरचं संत्रं फळाला यायला सात-आठ वर्षं घेतं, कधी त्याहून जास्त. काटेही फार असतात. पण ते स्वतःच्या मुळावर उभं असतं आणि कलमापेक्षा जास्त जगतं. विहिरीजवळची जमीनही निचऱ्याची, मुरमाड आहे. दोन्ही गोष्टी जुळून आल्या.

आंबियाची, म्हणजे थंडीच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची, शेवटची काही फळं झाडावर होती, ती काढली. साल खडबडीत आणि सैल, देठाकडे थोडी उंच. आत बिया भरपूर. बाजारात या फळाला भाव मिळणार नाही, कारण कळमन्याच्या मंडीत चकचकीत आणि कमी बियांचा माल चालतो. पण चवीला आंबटपणाची एक धार आहे, ती गोडव्याला उचलून धरते. आजकालच्या बऱ्याच फळांत नुसती साखर लागते. ही धार जाऊ नये म्हणून हे सगळं.

भाऊजींशी बोलले. ते म्हणाले, "वहिनी, पुढच्या आंबियाची फळं तोडून होऊ द्या, मंग काढू. तोवर कोणी हात नाई लावणार." म्हणजे हातात साधारण एक वर्ष आहे.

२९ डिसेंबर २०२१ (नागपूर)

रस्ते दोन आहेत आणि दोन्ही धरायचे ठरवलं.

पहिला रस्ता कलमाचा. जुन्या झाडाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, काढून लिंबूवर्गीय खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वाढवलेल्या दुसऱ्या रोपावर भरायचा. चार-पाच वर्षांत फळ येतं आणि ते हुबेहूब मूळ झाडासारखं असतं. अडचण एवढीच, की मूळ झाडात रोग असेल तर डोळ्याबरोबर तोही येतो. ट्रिस्टेझाचा विषाणू आणि ग्रीनिंग, विदर्भातल्या संत्र्याचे हे दोन जुने शत्रू डोळ्यातून पुढच्या झाडात जातात.

दुसरा रस्ता बियांचा. आंब्याची कोय लावली तर काय निघेल ते सांगता येत नाही, पण संत्र्याचं तसं नाही. संत्र्याच्या एकाच बीमधून अनेकदा दोन-तीन कोंब निघतात. त्यातला एखादाच परागीकरणातून झालेला असतो. बाकीचे बीजांडाच्या ऊतीतून, म्हणजे सरळ आईच्या पेशींतून तयार होतात आणि आईसारखेच निघतात. वर, हे दोन रोग बीमधून सहसा उतरत नाहीत. म्हणजे बी हा वाण स्वच्छ करून घेण्याचाही मार्ग आहे. मोठ्या रोपवाटिकांसाठी प्रयोगशाळेत अगदी सूक्ष्म शेंडा खुंटावर बसवून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत ते काम होतं. घरच्या पातळीवर मला बी पुरेशी आहे. फक्त थांबायची तयारी हवी.

माझं मत असं, की जुनं झाड राखायचं असेल तर नुसत्या कलमावर भिस्त ठेवू नये. कलम आपल्यासाठी असतं, बी पुढच्यांसाठी.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण मानांकन नावाला मिळतं. शेताशेतांतल्या अशा एकेकट्या झाडांची नोंद कुठल्याच वहीत नसते. म्हणून ही वही.

८ जानेवारी २०२२

खुंट कोणता घ्यायचा यावर बराच विचार केला. इकडे पिढ्यान्‌पिढ्या जंबेरीच (लिंबाची एक जात) वापरतात. ती जोमाने वाढते, मुळं खोल जातात, झाड मोठं होतं. पण पाणी साचलं की जंबेरीची मुळं फायटोफ्थोरा बुरशीला लवकर बळी पडतात. साल कुजते, बुंध्यातून डिंक गळतो. आपल्याकडे त्यालाच डिंक्या म्हणतात.

आमच्या अंगणाची माती काळी आणि चिकट आहे. दीड-दोन फूट खणलं की पांढरे चुनखडीचे खडे लागतात. मातीवर व्हिनेगर टाकून पाहिलं तर ती फसफसली, म्हणजे मुक्त चुना आहे. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी ते अजून होतं. अशा मातीत रंगपूर लाईम या लिंबाच्या जातीचा खुंट बरा. चुनखडी जास्त सोसतो, पाण्याचा ताणही सोसतो, आणि डिंक्याला जंबेरीइतका हळवा नाही. ट्रिस्टेझा दोन्ही खुंट सहन करतात, त्यामुळे त्या बाबतीत फरक नाही.

ठरलं ते असं : अंगणासाठी रंगपूर. जंबेरीचीही थोडी रोपं करायची, ती भाऊजींच्या उरलेल्या शेतात जातील, तिथली जमीन निचऱ्याची आहे. रंगपूरची फळं ओळखीच्या रोपवाटिकेतून आणली. दिसायला नारंगी, संत्र्यासारखी, आणि चवीला जबर आंबट.

सगळ्या बिया काढून राखेने चोळल्या, बुळबुळीतपणा गेला. सावलीत फक्त वरचं पाणी उडेपर्यंत ठेवल्या. लिंबूवर्गीय बी कडक वाळली की मरते. थंडी ओसरेपर्यंत ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, डब्यावर नावं घालून.

२७ जानेवारी २०२२

पेरणी. चाळलेली माती, रेती आणि कुजलेलं शेणखत, तळाशी भोकं असलेले क्रेट. बी साधारण एक-दीड सेंटीमीटर खोल. रंगपूर, जंबेरी आणि विहिरीवरचं संत्रं, तिन्हींच्या कप्प्यांत पत्र्याच्या पट्ट्या रोवल्या. मार्करची शाई उन्हाने उडते, म्हणून खिळ्याने कोरून लिहिलं.

२४ फेब्रुवारी २०२२

उगवण चांगली आहे. संत्र्याच्या काही बियांतून खरोखर दोन-दोन, तीन-तीन कोंब आले. आधी माहीत असूनही प्रत्यक्ष पाहताना मन भरून आलं. सासूबाईंना हात धरून दाखवायला नेलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एका बीचे तीन? मंग एक माह्या नावानं ठेव."

ठेवलं आहे. पट्टीवर "आई" कोरलं.

१७ एप्रिल २०२२

मार्चपासूनच ऊन चढलं. क्रेट पूर्वेच्या भिंतीशी हलवले, वर हिरवी जाळी. पाणी सकाळी लवकर आणि हलक्या हाताने. काही रोपं मातीलगत नरम पडून कोलमडली, ती काढून टाकली आणि त्या भागाला दोन दिवस कोरडं ठेवलं.

३१ जुलै २०२२

पावसाने महिनाभर झोडपलं. रोपं पिशव्यांत लावली. लावताना निवड केली. एकसारख्या उंचीची, एकसारख्या पानांची रोपं ठेवली. फार खुरटी किंवा एकदम उंच, वेगळ्या पानांची बाजूला काढली. परागीकरणातून आलेली रोपं बहुधा याच गटात सापडतात. रोपवाटिकावाले खुंटाच्या रोपांना हाच नियम लावतात.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसले. त्या लिंबाच्या फुलपाखराच्या लहान अळ्या आहेत. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि छेडल्या की डोक्यामागून नारंगी शिंगं बाहेर काढतात, उग्र वास येतो. एवढ्या रोपांना औषधाची गरज नाही. रोज संध्याकाळी हाताने वेचून बेलाच्या झाडावर सोडते. बेल मोठा आहे, त्याला चार पानांचं काही वाटत नाही. फुलपाखरूही राहिलं पाहिजे.

१२ नोव्हेंबर २०२२ (शेत)

आंबियाची शेवटची तोडणी सुरू आहे. सोबत एक निवृत्त फळबागतज्ज्ञ आले होते. त्यांना मुद्दाम झाडाची पानं दाखवायची होती, कारण काही फांद्यांवर पिवळेपणा आहे.

त्यांनी पान उन्हाकडे धरून समजावलं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा असेल, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर ती बहुतेक जस्ताची किंवा लोहाची कमतरता. ग्रीनिंगमध्ये डाग विस्कटलेले असतात. शिरेच्या एका बाजूला एक नक्षी, दुसऱ्या बाजूला वेगळी. फळंही एका अंगाने वाकडी वाढतात. आपल्या झाडावर पहिला प्रकार दिसला आणि फळं सरळ आहेत. तरी नुसत्या पानांवरून झाड निरोगी ठरत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझा दोन रस्त्यांचा बेत त्यांना पटला.

डोळ्यांसाठी फांद्या निवडून सुतळी बांधली. यंदा फळ दिलेल्या बाजूच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, गोल, साधारण सहा-आठ महिन्यांच्या. काटेरी, उभे, तरतरीत पाणसोट घेतले नाहीत. दिसायला तेच सगळ्यात सुंदर असतात, पण ते फळाला उशीर करतात.

१८ डिसेंबर २०२२ (शेत आणि नागपूर)

आज डोळे भरले. या सगळ्या कामातला हा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

शेंदूरजनाघाटकडचे कलम भरणारे काका आले होते. त्या गावाच्या परिसरात संत्र्याच्या रोपवाटिका घरोघरी आहेत आणि माणसं लहानपणापासून चाकू धरतात. पहाटे झाडावरून काड्या कापल्या, पानं तोडून फक्त देठ ठेवले, ओल्या गोणपाटात गुंडाळून दुपारच्या आत नागपूरला आणल्या. खुंटाला आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं होतं. खुंटात रस चालू असेल तरच साल मोकळी सुटते.

काकांनी पहिल्यांदा खुंटाचा बुंधा ओल्या फडक्याने पुसला. जमिनीपासून वीतभर उंचीच्या बऱ्याच वर, साधारण पंचवीस-तीस सेंटीमीटरवर, सालीत आडवा काप आणि त्याखाली उभा काप घेतला. चाकूच्या मागच्या हाडाने साल दोन्हीकडून अलगद उचलली. मग काडीवरून डोळा ढालीच्या आकारात एका ओढीत काढला. आतल्या बाजूला लाकडाची चीप चिकटली होती, ती नखाने सोडवली. ढाल कापात वरून खाली सरकवली, साल मिटली आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर गुंडाळत नेलं. डोळा आणि देठाचा तुकडा तेवढा बाहेर. सगळं होईपर्यंत मला श्वास घ्यायचं भान राहिलं नव्हतं.

"ताई, दोन गोष्टी पाहाच्या," काका म्हणाले. "डोळ्याचं तोंड वर पाह्यजे. अन् कापलेल्या जागेले बोट नाई लागलं पाह्यजे. बाकी झाड आपलं आपण करते."

मी विचारलं, "काका, एवढ्या उंचीवर का भरता? गावी तर खाली भरलेली पाहिली आहेत."

"काळी माती हाय ना तुमची. सांधा मातीपासून जेवढा दूर, तेवढा डिंक्या दूर. अन् लावताना सांधा मातीत गाडान तर माही मेहनत पाण्यात."

नंतरचे काही डोळे मी भरले, काका बाजूला बसून पाहत होते. चाकू धारदार असला की हात आपोआप हलका पडतो. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसलं.

८ जानेवारी २०२३

पट्ट्या सोडल्या. डोळा लागला की नाही ते देठावरून कळतं. बोट लावताच देठाचा तुकडा सुटून पडला तर डोळा जिवंत. देठ काळा पडून चिकटून बसला तर गेला. बहुतेक देठ पडले आणि खालचा डोळा हिरवा निघाला. लागलेल्या रोपांचा खुंट डोळ्याच्या वर वाकवला आहे. डोळा फुटून चांगला वाढला की पूर्ण कापायचा.

२२ जानेवारी २०२३

विहिरीवरचं झाड आज निघालं. सासूबाई आल्या नाहीत. भाऊजींनी बुंध्याचा एक तुकडा ठेवून घेतला. मी वाळवायला फळांच्या सालींची टोपली आणली, दिवाळीच्या उटण्याला.

२१ मे २०२३

अंगणातला खड्डा खणला. भिंतीपासून दहा फूट, दक्षिणेचं ऊन मिळेल अशी जागा. लांबी, रुंदी, खोली पाऊण मीटर. चुनखडीचे खडे वेचून काढले. खड्डा पावसापर्यंत उन्हात तापत ठेवायचा, म्हणजे बुरशी आणि किडींचे कोष मरतात.

खड्ड्याइतकंच त्याच्या वरच्या उंचवट्याला महत्त्व आहे. या मातीत झाड जमिनीच्या पातळीवर लावलं तर पावसाळ्यात खड्डा म्हणजे पाणी भरलेलं भांडंच. म्हणून भरून झाल्यावर दीड फूट उंच, चारी बाजूंनी उतरता मातीचा ढीग करायचा आणि कलम त्याच्या माथ्यावर लावायचं.

१६ जुलै २०२३

यंदा पाऊस उशिरा आला, विदर्भात तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचला. लावणी आज केली. खड्ड्यात वरची माती, मुरूम, कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड, सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. रंगपूरवरचं सगळ्यात सरळ कलम निवडलं. सांधा मातीपासून वीतभर वर ठेवला, काठीचा आधार दिला.

पाण्यासाठी दुहेरी आळं. खोडाभोवती एक लहान गोल बांध, त्याच्या बाहेर दुसरा. पाणी दोन्हींच्या मधल्या जागेत द्यायचं, खोडाला पाणी लागू द्यायचं नाही. सासूबाईंनी ओसरीवरून सांगितलंच, "पाणी पाज, पण बुडाले नको." संत्र्याचं अर्धं शास्त्र त्या एका वाक्यात आलं.

बीजू रोपं मोठ्या पिशव्यांत हलवली. त्यांना बोटभर लांब काटे आलेत.

२७ ऑगस्ट २०२३

महिनाभर पाऊस नाही. श्रावणात झारीने पाणी द्यावं लागतंय. कलमाने मृगानंतरची नवती (नवी पालवी) टाकली होती, ती कोवळी पानं दुपारी मान टाकतात. आळ्यात कुटार (पिकाचं भूस) पसरलं, ओल टिकते. कुटार खोडाला टेकू दिलं नाही.

सांध्याच्या खाली खुंटाचे फुटवे येत आहेत. दिसले की हाताने खुडते. राहू दिले तर रंगपूरच झाड होऊन बसतं आणि डोळा मागे पडतो.

२४ सप्टेंबर २०२३

परवा रात्री जे झालं ते नागपूर लवकर विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या गल्लीत पहाटे गुडघाभर पाणी होतं. घरातलं सामान उचलण्यात सकाळ गेली. झाडाकडे पाहायला दुपार झाली.

अंगण चिखलाखाली होतं, पण कलमाच्या ढिगाचा माथा पाण्याच्या वर राहिला. बाहेरचं आळं बुडालं, आतलं नाही. ढिगाचा एक कोपरा खचला, तो आज बांधला. अंगणातलं साचलेलं पाणी चर काढून गटाराकडे वळवलं. संत्र्याच्या मुळांना हवा लागते, चार दिवस पाण्याखाली राहिली तर कुजायला लागतात. म्हणून आधी निचरा, मग बाकी सगळं.

खोडावरचा चिखल स्वच्छ पाण्याने धुतला. ज्यांची घरं बुडाली त्यांच्या तुलनेत आमचं काहीच गेलं नाही. शेजारच्या आजींकडे दोन्ही दिवस डबा पाठवला.

१ ऑक्टोबर २०२३

माती वाफशावर आली. वरचा गाळाचा थर खुरप्याने फोडला, कारण तो वाळून हवा अडवतो. आळवणीसाठी फोसेटिल हे बुरशीनाशक, लेबलवरच्या मात्रेत.

खोडाला बोर्डो पेस्ट लावली. कृती लिहून ठेवते, कारण कोणी ना कोणी दरवेळी विचारतं. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवायचं. शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत अर्धा लिटर पाण्यात विरवायचा आणि गाळून घ्यायचा. दोन्ही एकत्र ओतत काडीने ढवळायचं. लोखंडी किंवा पितळी भांडं नको. मग त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवायचा. त्याच दिवशी कुंचल्याने लावायची, शिळी पेस्ट उपयोगाची नाही. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

१७ डिसेंबर २०२३

कलम सावरलं आहे. पुरानंतर खालची काही पानं पिवळी होऊन गळली, पण हस्ताची नवती बरी आली. नव्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट, दोन्ही बाजूंना सारखा. जस्त कमी पडतंय, चुनखडीच्या मातीत पडणारच. झिंक सल्फेटची फवारणी पुढच्या नवतीवर करायची.

२ जून २०२४

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला. परवा शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी सगळीकडे फिरली. नंतर हवामान खात्याने ते यंत्र बिघडल्याचं सांगितलं. खरा पारा ४४-४५ च्या घरात होता, आणि तोही थोडा नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरने ४७.९ पाहिलं आहे. चाळिशीच्या वर संत्रं वाढत नाही, नुसतं तग धरतं. त्याला तेवढंच करू द्यायचं.

उपाय साधे : पश्चिमेकडून तिरपी बांधलेली हिरवी जाळी, खोडाला चुन्याचा हात, आळ्यात कुटाराचा जाड थर, आणि दोन्ही आळ्यांच्या मधोमध गाडलेला जुना माठ. माठ संध्याकाळी भरला की पाझर रात्रभर चालतो. उन्हाळ्यात खत अजिबात दिलं नाही. तापलेल्या झाडाला खत देऊन कोवळी पानं काढायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

१८ ऑगस्ट २०२४

नवतीच्या शेंड्यांवर सायला दिसली. तपकिरी, मुंगीहून लहान, बसताना मागचा भाग वर करून तिरकी बसते. पिल्लं पांढरे मेणचट धागे सोडतात. हीच कीड ग्रीनिंग पसरवते, त्यामुळे हिच्या बाबतीत मी फुलपाखरासारखी दया दाखवत नाही.

शोध घेतला तर मूळ घर कुंपणाच्या कामिनीत निघालं. कामिनी लिंबाच्याच कुळातली, सायलाला ती फार आवडते. कढीपत्त्यावरही बसते. कामिनीची फुलं मलाही प्रिय आहेत, पण एकाच अंगणात दोन्ही नकोत. आमच्या बाजूची कामिनी काढली आणि तिथे मोगरा लावला. शेजारच्या काकूंशी बोलले. त्या म्हणाल्या, "अगं, नवे कोंब येतील तसे छाटत जाईन, तू काळजी नको करू." कढीपत्त्याचे कोंब मी खुडते, ते फोडणीत जातात.

कलमावर पाच टक्के निंबोळी अर्क, नवती निघताना आणि त्यानंतर पुन्हा. पिवळे चिकट सापळे दोन.

१६ फेब्रुवारी २०२५

कलमाला पहिली फुलं आली. आंबियाच्या बहाराची, वेळेवर. वास ओसरीपर्यंत आला आणि सासूबाईंनी खोलीतून विचारलं, "संत्रं फुललं का वो?"

फुलं खुडली. अजून झाडाचा सांगाडा बनायचा आहे. आत्ता फळ धरलं तर फांद्यांची ताकद फळात जाते. फक्त एका जाड फांदीवरची थोडी ठेवली, ती आईंसाठी. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. शास्त्र म्हणतं सगळी खुडा, पण झाड ज्यांचं आहे त्यांच्या वाट्याला काही यायला हवं, असं मला वाटलं.

छाटणी हलकी. बुंध्यावर दोन फुटांपर्यंत एकच खोड, त्यावर चार दिशांना चार फांद्या. आतल्या बाजूचा पाणसोट काढला. वाळलेली सल (काटक्या) काढून कापांवर बोर्डो पेस्ट.

१३ जुलै २०२५ (शेत)

जंबेरीवरची कलमं आणि बीजू रोपं भाऊजींच्या शेतात लावली. नवी विहीर आहे, जमीन मुरमाड. सहा मीटर अंतर, प्रत्येकाला दुहेरी आळं. "आई" पट्टीचं रोप विहिरीच्या सगळ्यात जवळ, पण पाझराच्या ओलीपासून लांब. त्याची उंची कलमांपेक्षा जास्त आहे आणि काटे असे, की शेळ्यांची चिंता नाही.

भाऊजींनी विचारलं, "वहिनी, हे बीजू कधी फळावर येईन?"

"तुमच्या नातवाच्या शाळेत."

"चालते. तवरिक कलमाची खाऊ."

प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमची पट्टी तारेने सैल बांधली, कोरून : मूळ झाड, खुंट, डोळा भरल्याची तारीख, लावणीची तारीख. बीजूंवर खुंटाच्या जागी रेघ. हाच तपशील वहीच्या मागच्या पानावर नकाशासह काढला आणि त्याची एक प्रत भाऊजींच्या कपाटात ठेवली.

अंगणातल्या कलमावर आईंची फळं सुपारीएवढी झाली आहेत, एक गळालं. शेतातल्या झाडांना ऑक्टोबरात बोर्डो पेस्ट, मोरचूद जास्त आणावं लागेल.